नको म्हणायचं कसं

"घरात गिझर एक, आणि त्याची सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट तीन!" निरंजननं कपाळाला हात लावला. "मावशी, एकटी राहतेस, नको म्हणायला शीक."

"म्हटलं रे. पण तो कंपनीचा पोरगा दरवेळी म्हणायचा, 'आजी, माझ्यासाठी घ्या.' मग मन मोडवेना."

निरंजननं तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं सवलत देऊ केली, काकुळतीला आली, पण हा पठ्ठ्या बधला नाही. तिन्ही कॉन्ट्रॅक्ट रद्द करूनच त्यानं फोन ठेवला.

"पाहिलंस? समोरच्यानं कितीही गळ घातली तरी नको म्हणजे नको!"

मावशीनं कौतुकानं मान डोलावली आणि शिऱ्याचं पातेलं पुन्हा पुढे ओढलं.

"आता नको हं मावशी, शुगर वाढलीय माझी."

"एवढंसं रे. माझ्यासाठी घे."

निरंजननं मुकाट्यानं तिसऱ्यांदा बशी पुढे केली.