जावळ

करुणा सिस्टरनं नवं ब्लेड काढलं आणि बाळाच्या कानाच्या वरचे केस भादरले. हातापायाच्या शिरा सुया टोचून टोचून संपल्या होत्या. आता डोक्याचीच शीर उरली होती.

काचेबाहेर उभ्या असलेल्या प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला. नऊ दिवसांचा नातू. जन्मला तसा सणसरहून बारामतीच्या दवाखान्यात आणला तो थेट ह्या काचेच्या पेटीत. बारसं न्हाय, नाव न्हाय, आणि आता हे!

"अवो, जावळ हाय ते. मामाच्या मांडीवर काढत्यात," त्या म्हणाल्या. मामा तिकडं डाळजला, त्याला पत्ताच नाही.

सिस्टरनं सुई शिरेत सरकवली. एस.टी.नं पुण्याला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट अजून आला नव्हता. कुठला जंतू ते कळेपर्यंत सगळ्याच जंतूंना मारणारं इंजेक्शन चालू ठेवायचं होतं. सकाळीच डॉक्टर सुनेला, म्हाळसाला, सांगून गेले होते, की हे औषध पोटातलं बरंवाईट सगळंच मारतं. आईचं दूध चार थेंब नळीतून गेलं तरी पोराला आधार होईल. म्हाळसानं मान खाली घातली होती. सुरुवातीचं चिकाचं दूध वाईट म्हणून मोरीत पिळून टाकलं आणि आता दोन दिवस थेंब नव्हता. मेलं, पाहिजे तेव्हाच आटावं!

पोराला तिनं अजून एकदाही कुशीत घेतलं नव्हतं. जीव नुसता तुटत होता.

सिस्टर ते केस कागदात गुंडाळून बादलीत टाकायला निघाली, तशी म्हाळसा दारात आडवी आली.

"ते मला द्या."

पुडीत चिमूटभर केस होते, कोकराच्या लोकरीगत मऊ. तिनं पुडी नाकाशी धरली. आधी नुसता स्पिरिटचाच वास आला. मग त्याच्याखालचा, बाळाचा. ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली, डोळे मिटून.

बराच वेळ गेला. पुरे गं आता, असं म्हणायला प्रयागबाई वाकल्या, आणि त्यांची नजर सुनेच्या झंपरावर गेली. तो छातीशी भिजला होता.

त्यांनी सुनेचा पदर सारखा केला आणि काचेवर बोटानं टकटक केलं.

"शिष्टर, वाटी द्या. लवकर."