शेवटचे तीन सेकंद

त्या काळी गाण्याच्या तबकड्या सातासमुद्रापार छापून यायच्या. तिकडच्यांना गाणं कुणाचं ते कळावं, म्हणून गाणं संपताच गाणाऱ्याने आपलं नाव खणखणीत सांगायचं, असा रिवाज होता. आमच्या आत्याआजीनेही सांगितलं. 'घराण्याचं नाव बुडवलंस' म्हणत घरच्यांनी वर्षभर अबोला धरला, तो वेगळा.

रेडिओच्या शताब्दीला केंद्राचे साहेब स्वतः तबकडी न्यायला आले. तिच्यावरचा कागद कधीच झिजून गेला होता.

"साहेब, आत्याआजीचं नाव लिहून घ्या," मी म्हटलं.

"कशाला ताई? बाईंनी स्वतःच सांगितलंय की तबकडीत!"

परवा कार्यक्रम लागला, तेव्हा सगळं घर कानात प्राण आणून बसलं होतं. गाणं वाजलं, संपलं आणि पुढे काहीच आलं नाही. मग कार्यक्रमातच केंद्राचा ध्वनिमुद्रक फुशारकीने सांगू लागला, "महिनाभर खपलो. सगळी खरखर काढली. शेवटी कुणी बाई काहीतरी ओरडत होती, तीही काढून टाकली."

 

निवेदिका हळहळली: "एवढा गोड आवाज, पण हिचं नाव जपून ठेवावं असं त्या काळी कुणालाच वाटलं नाही!"