दाराखालची पाचर

अनुदानवाले साहेब आले, सगळ्यांना हसून नमस्कार केला आणि नेमके दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

ती खुर्ची काकूंची. तसं काही तिच्यावर कुणाचं नाव कोरलेलं नव्हतं; पण ज्याच्यावर काही गुदरलंय, त्यानं मदत केंद्राच्या या खोलीत दाराजवळ बसायचं, त्याच्या आणि दाराच्या मध्ये कुणी यायचं नाही, हा शिरस्ता इथं काम करणाऱ्या ताईनंच घालून दिलेला. दार वाऱ्यानंसुद्धा लागू नये म्हणून त्याच्या खाली लाकडाची पाचर. आणि झाली गोष्ट सांगा, असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. पोलिसांना सांगून, कोर्टात सांगून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून माणसाची जीभ आधीच सोलवटलेली असते.

आज मात्र काकूंना साहेबांपुढे सांगायचंच होतं. केंद्राच्या मोठ्या बाईंनी सकाळीच ताईचा हात धरला होता. "एकदाच गं. यांनी हात आखडता घेतला तर पुढच्या महिन्यात इथे कुलूप. मग काकूंनी जायचं कुठं आणि बाकीच्यांनी तरी कुठं?" यावर ताई काय बोलणार, कपाळ? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं काकूंना विचारलं, आणि काकू लगेच हो म्हणाल्या. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

काकू आल्या त्या शिवणाच्या दुकानातून तशाच, गळ्यात टेप घेऊन. दारात थबकल्या. खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं. मग टेबलाला वळसा घालून कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात जी एक खुर्ची उरली होती, तिच्यात अंग चोरून बसल्या.

"अहो, इथून बाहेरची माणसं येता-जाता बघतायत," साहेब म्हणाले. "काकूंना मोकळेपणानं बोलता आलं पाहिजे." ते स्वतः उठले, खाली वाकून पाचर काढली, दार लावलं आणि कडीसुद्धा घातली. पाचर त्यांनी मोठ्या अदबीनं ताईच्या हातात दिली. "ठेवा. कुणाच्या तरी पायात येईल."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर ताईला चार शब्द सुनावता तरी आले असते.

काकूंनी ताईकडे पाहिलं. ताईनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई चहाचे कप सरळ करत बसल्या, जसे काही ते वाकडे होते. 'साहेब, दार उघडं ठेवतो आम्ही', एवढं साधं वाक्य; पण साहेबांना राग आला तर, त्यांना अपमान वाटला तर? ताईनं पाचर मुठीत मिटून घेतली.

"दुकान बंद करायची वेळ झाली होती," काकू म्हणाल्या.

मग त्या बोलत राहिल्या. दोघं जण आले, गल्ल्यातलं घेतलं, आणि जाताना काकूंना मागच्या कापडाच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. खोलीला खिडकी नव्हती. हाका मारून घसा बसला, दार बडवून हात सुजले. सकाळी दूधवाल्यानं आवाज ऐकला. बोलताना काकू टेप बोटाभोवती गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या, गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. बोटाचं टोक पांढरंफटक पडलं. नजर कडीवरून हलत नव्हती. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आलेला ताईला दिसला, आणि तिला स्वतःची अशी काही शरम वाटली की जमीन दुभंगली असती तर बरं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरंच पुसले. "फार सोसलंत हो. आता एवढंच सांगा, इथे येऊन तुम्हाला काय फरक पडला?"

मोठ्या बाईंच्या हातातला कप हवेतच राहिला. सगळं याच उत्तरावर अडलं होतं.

काकूंनी कडीकडे पाहिलं, आणि हळू पण स्पष्ट म्हणाल्या,

"इथे दार लावत नाहीत."

"वा!" साहेब खूश झाले. "काय बोललात! हे असंच्या असं मी वर कळवतो. बाई, तुम्ही काळजी सोडा, अनुदान मिळालंच म्हणून समजा."

मोठ्या बाईंनी सोडलेला श्वास साऱ्या खोलीला ऐकू आला. ताई उठली. झालं एकदाचं. ती दाराकडे निघाली.

"थांबा, थांबा ताई, बसा." साहेबांनी हात वर केला. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, कागद गुडघ्यावर नीट पसरला. "मघाशी ऐकता ऐकता लिहायचंच राहिलं बघा. काकू, तेवढं पुन्हा एकदा सांगता? अगदी पहिल्यापासून."

ताई उभीच राहिली. पाचरीची कड तिच्या तळहातात रुतली होती. काकूंनी एकदा त्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं, मग टेप बोटाला गुंडाळायला घेतली.

"दुकान बंद करायची वेळ झाली होती," त्या म्हणाल्या.