डोळ्यांच्या जागी

शेन्बगमचं बोट कापडी पडद्यावरच्या देवीच्या डोळ्यातून आरपार गेलं. तिनं ते हळूच काढून घेतलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या वेंगय्यानं मान फिरवली.

त्याची बायको मुनेम्मा भिंतीशी तांदूळ निवडत होती. मुलगा सुदर्शनम घर सोडून गेल्यापासून तिला कशाचं काही वाटेनासं झालं होतं. जेवायची, झोपायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. देवळातून पडदा दुरुस्तीला घरी परत आला, तरी तिनं मान वर केली नाही.

श्रीकाळहस्तीच्या या घरात कलमानं कापडावर देव काढायचे ते वेंगय्यानं, आणि कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचं ते सुदर्शनमनं. देवळातल्या या पडद्यावरच्या देवतांचे डोळे काही वर्षांपूर्वी ऐन जत्रेत गळून पडले, तेव्हा गाव हादरलं. वेंगय्यानं खापर मुलावर फोडलं. काळा रंग गंजल्या लोखंडाच्या पाण्याचा, त्यातलं जास्तीचं लोखंड नीट धुतलं नाहीस, आळशी कुठला, म्हणून त्याला घराबाहेर काढलं. सुदर्शनम गेला तो गेलाच.

शेन्बगम मद्रासहून जुनी कापडं सांधायला आली होती. तिनं समजावून सांगितलं. कापूस म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ. काळ्यात जास्तीचं लोखंड राहिलं, की ते हवेशी मिळून मोकाट कण सोडतं, आणि ते कण माळ जागोजाग तोडतात. धागा वरून धागाच दिसतो, आतून त्याचं पीठ झालेलं असतं.

"म्हणजे धुण्यातच खोट," वेंगय्या म्हणाला. "मी तेव्हाच सांगितलेलं."

"मग केस, भुवया, काठ शाबूत कसे, ताता? तेही काळेच आहेत, एकाच पाण्यात धुतलेले." तिनं काठ ताणून दाखवला. "धुणाऱ्यानं मन लावून धुतलंय. डोळे कधी काढलेत?"

डोळे शेवटी काढायचे असतात, धुणंबिणं उरकल्यावर, पूजेच्या मुहूर्तावर, घरच्या कर्त्यानं. त्यावर पुन्हा पाणी घालायचं नसतं. या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"मला कुठं सुचलं तेव्हा," वेंगय्या पुटपुटला. "कुणी बोललंही नाही."

मुनेम्मानं सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी तिच्या छातीत काहीतरी दुखलं.

"बोलला होता की," ती म्हणाली. "दारातून जाताना, तुम्हालाच. 'मी धुतलं तेव्हा देवीला डोळे नव्हतेच, नायना.'"