आजारवाटप

चाचणीच्या आदल्या दिवशी, शाळा सुटताना, बाईंनी तिसरीतल्या चौघांना थांबवून घेतलं आणि आजार वाटले.

चाचणी सरकारी, सगळ्या शाळांना एकच, फक्त दिवस वेगवेगळे. गैरहजर मुलं सरासरीत धरत नसत. आणि सरासरी घसरली की शाळेला कुलूप, असं मुख्याध्यापक सकाळपासून दर तासाला येऊन सांगत होते. तेही फक्त बाईंनाच.

"तुला पोटदुखी. तुला कानदुखी. तुझ्या मामाचं लग्न."

चौथी मुलगी भिंगरी. नाव वेगळं होतं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हेच पडलं. मातीकामाच्या तासाला तिने एकदा असा बेडूक केला होता की बाई खुर्चीवर चढल्या होत्या. हल्ली मातीकाम बंद होतं. त्या तासाला मुलं उत्तरांचे गोल काळे करायचा सराव करत आणि भिंगरी त्या गोलांना पाय काढायची.

"तुला ताप."

"किती, बाई?"

"किती काय किती! घरी झोपायचं. यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पेपर वाटून झाले तरी बाईंचा पाय एका जागी ठरेना. देखरेखीला आलेले साहेब दारात खुर्ची टाकून बसले होते. बाई उगाचच खिडकीशी जात, परत येत. एकदा गेल्या आणि तिथेच थिजल्या.

फाटकातून भिंगरी येत होती. भर उन्हात आईची शाल, कपाळावर ओला रुमाल, आणि चाल अशी की रस्त्यावरचा एक जण आधार द्यायला धावला.

बाई पायऱ्या उतरून पळाल्या. साहेब मागोमाग.

"काय होतंय गं तुला?" साहेबांनी विचारलं.

"पोटदुखी." तिने जीभ चावली. "नाही नाही, ती त्याची. मला ताप."

साहेबांनी शाळेच्या छपराकडे पाहिलं.

"यंदा साथ फार आहे," ते म्हणाले. "कालच्या शाळेत तर एकाच वर्गात सात मामांची लग्नं होती." आणि चहाचं काय झालं ते बघायला आत गेले.

"येऊ नको म्हटलं होतं ना, भिंगरे?"

"तपासून घ्यायला आले. घरी कसं कळणार, बरोबर आलंय की चुकलंय?" तिने शालीतून हात पुढे केला. तो थरथरत होता, अगदी बेताने.

बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. रुमाल गरम पाण्यात भिजवलेला होता.

वर्षभर तिच्या पेपरांवर त्यांनी फुल्याच मारल्या होत्या. त्यांनी लाल पेन काढलं आणि तिच्या तळहातावर बरोबरची खूण केली.

खूण पुसली जाऊ नये म्हणून मूठ घट्ट मिटून भिंगरी आल्या पावली निघाली, व्यवस्थित खोकत. फाटकाशी वळली.

"बाई," ती ओरडली, "पुढच्या वर्षी याहून अवघड द्या. येईल मला!"