उजवी बाजू

सोमाची जीप पेठहून नाशिकपर्यंत आली ती एका कुशीवर कलूनच. मागच्या डाव्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगचं, ब्रॅकेट गाडीच्या सांगाड्यापासून, चासीपासून, निम्मं सुटलं होतं. सोमानं मध्ये सागाचा ओंडका घालून दोर करकचून आवळला होता आणि रिकामी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढवून आणली होती.

पेठ रोडवरच्या आपल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये धम्मपालनं आधी बॅटरीची वायर काढली. जॅकनं जीपची मागची बाजू उचलली, ठोकळे लावले आणि टॉर्च घेऊन तो खाली सरकला.

"कुठं झालं?" खालूनच त्यानं विचारलं.

"पाड्याच्या नाल्यात. बारा माणसं बसलेली. धाडकन आवाज झाला आन् गाडी खाली बसली. कोणाला लय लागलं नाय. भिमाबाईचा तेवढा गुडघा सुजला. तशीच चालत गेली घरी, डोक्यावर तांदूळ घेऊन."

बाकावर दिंडोरीचा गोटीराम बसला होता. ट्रॉलीचा हुक जोडून घ्यायचा होता आणि त्याची पाळी सोमानंतर होती.

"वेल्डिंग उखडलं म्हण ना सरळ," तो म्हणाला.

"नाय आप्पा, तीच तर गंमत हाय. गेल्या दिवाळीला धम्मपालभाऊनं दोन्ही बाजूंना जाड प्लेटा मारून दिल्या. प्लेट जशीच्या तशी हाय. वेल्डिंगला केसाएवढी चीर नाय. बाजूची चासीच फाटली. लोखंड हरलं, भाऊचं काम नाय हरलं."

"मग जीप दे टाकून," गोटीराम म्हणाला, "आन् वेल्डिंग घरी घेऊन जा."

सोमा हसला. खाली धम्मपाल टॉर्च धरून तसाच पडून राहिला.

प्लेट चौकोनी होती आणि चारी बाजूंनी वेल्ड केलेली. ते काम त्याला आठवत होतं. वेल्डिंगची रेघ इतकी सलग उतरली होती, की तिच्यावर काळा रंग मारणं त्याच्या जिवावर आलं होतं. त्यातल्या उभ्या रेघेला लागूनच चासीचा पत्रा फाटला होता. खालून अर्ध्यापर्यंत, अगदी सरळ.

तो बाहेर आला. सोमा चहा सांगायला निघाला होता.

"डावी तेवढी कर भाऊ. उजवी ठणठणीत हाय. उद्या बाजार हाय, माणसं पहाटेच नाल्याशी येऊन उभी राहतात."

धम्मपालनं तारेचा ब्रश घेतला आणि पुन्हा खाली गेला. उजव्या ब्रॅकेटवरचा वाळलेला चिखल त्यानं घासून काढला. टॉर्च जवळ नेली, प्लेटच्या कडेनं नख फिरवून पाहिलं. चीर नव्हती. आणखी एकदा नख फिरवलं. मग बाहेर येऊन तो हात पुसत उभा राहिला.

"उजवीपण काढायची," तो म्हणाला.

"का? तिला काय झालंय?"

"काही नाही झालेलं."

"मग?"

"ती पण मीच केलीय."

सोमा शेडच्या दारातच थांबला.

धम्मपालनं बाकावरचा जुना पेपर उचलला. कागदावर लोखंडी पट्टी दाबून धरली आणि बाहेरचं टोक ओढलं. कागद पट्टीच्या काठानं सरळ फाटत गेला.

"ही पट्टी म्हणजे माझी प्लेट. उभी कड मी गच्च जोडली. गाडी दगडावर आपटली, की सगळा झटका त्या एका रेघेवर येतो. प्लेट हलत नाही, म्हणून पत्रा फाटतो. मला वाटायचं, जितकं जास्त वेल्डिंग तितकं मजबूत. प्लेटची टोकं निमुळती ठेवायला हवी होती. आणि उभं वेल्डिंग करायलाच नको होतं."

"हे तुला आज कळलं?" गोटीरामनं विचारलं.

"आज कळलं, आप्पा."

गोटीरामनं बाहेर उभ्या असलेल्या आपल्या ट्रॉलीकडे पाहिलं.

"तुम्हाला दुसरीकडं जायचं असेल तर जा," धम्मपाल म्हणाला.

गोटीरामनं थोडा विचार केला. मग पाय बाकावर घेतले आणि फाटलेला पेपर वाचायला घेतला.

सोमानं चहा सांगितला नाही. तो आत आला, टॉर्च उचलली आणि धम्मपालच्या शेजारी जीपखाली आडवा झाला. उजवी प्लेट काढायला फार वेळ लागला. ग्राइंडरची एक चकती झिजून संपली, दुसरी लावावी लागली. वेल्डिंग सुटता सुटत नव्हतं.

मग डावीकडचीही प्लेट काढली आणि तिथली फाट भरून, घासून सपाट केली. नव्या प्लेटा पुठ्ठ्यावर आखून कापल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. उन्हं कलली तेव्हा दोन्ही बाजू जोडून झाल्या होत्या. सोमानं शेडपुढच्या दगडांच्या ढिगावरून जीप चार वेळा नेली. प्रत्येक वेळी धम्मपाल खाली वाकून पाहत होता.

पाचव्या वेळी सोमानं जीप त्याच्याजवळ आणून थांबवली.

"वाल्मीकच्या गाडीला पण तसंच केलंय का? आधीसारखं?"

"हो."

"त्याला मीच पाठवला होता तुझ्याकडं." सोमा समोर रस्त्याकडे पाहत होता. "आन् बुधाच्या गाडीला?"

"तिलापण."

"काय सांगू त्यांना?"

"मी बोलावलंय म्हण. दोघांना."

सोमानं मान हलवली आणि गिअर टाकला. जीप रस्त्याला लागली तसा धम्मपाल चार पावलं मागोमाग धावला.

"सोमा," त्यानं हाक मारली, "येताना गाड्या रिकाम्या आणा म्हणावं."