अर्धं दार

प्रफुल्ल विमानं दुरुस्त करायच्या कामाला होता. सुट्टीला मोहने गावातल्या घरी आला, तेव्हा वडिलांना सांगत होता, "बाबा, दोन विमानं समोरासमोर आली ना, की त्यांच्यातली यंत्रं आपसात ठरवतात. एकाला ओरडून सांगतात वर जा, दुसऱ्याला खाली. मग टक्कर होत नाही."

"त्यात काय एवढं?" भगवानराव म्हणाले. "स्वयंपाकघराच्या या चिंचोळ्या दारात तुझी आई ओरडायची, 'सरका हो, गरम आहे!' की मी लगेच भिंतीला चिकटायचो. आणि चहा आणताना मी ओरडायचो. एवढ्या वर्षांत कधी धडकलो नाही."

"म्हणजे आईचं यंत्र एकदम पक्कं!" प्रफुल्ल हसला.

भगवानराव चहा करायला आत गेले. त्यांची बायको केशर जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी उकळत्या चहाचं पातेलं घेऊन दाराशी आल्यावर त्यांच्या तोंडून निघालंच, "सरक गं, गरम आहे!"

बाहेरून प्रफुल्ल हळूच म्हणाला, "या बाबा. वाट मोकळी आहे."



तरीही भगवानराव भिंतीला चिकटून, अर्धं दार सोडूनच बाहेर आले.